बंदराच्या पोटी जन्मलेली स्थानके

16 एप्रिल 1853 रोजी दुपारी साडेतीन वाजता ठाण्याकडे निघालेल्या गाडीत चारशे पाहुणे होते. साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिने, चौदा डबे, एकवीस तोफांची सलामी. सगळा थाट माणसांसाठी. ही गाडी सोडणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा जीव मात्र कापसात गुंतला होता. गाडी बोरीबंदराहून सुटली ती त्यामुळेच. देशावरचा कापूस घाट उतरून थेट धक्क्यावर यावा आणि बोटीने लँकेशायरच्या गिरण्यांकडे जावा, असा रोकडा हिशेब होता. 1863 मध्ये रूळ बोरघाट चढून गेले. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापसाला तेव्हा सोन्याचा भाव आला होता.

बोरीबंदरच्या जागी फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने 1878 पासून दहा वर्षे खपून व्हिक्टोरिया टर्मिनस (व्हीटी) उभारले. खर्च सुमारे सोळा लाख रुपये. घुमटावर ‘प्रगती’ची मूर्ती, फाटकाशी सिंह आणि वाघ, भिंतींवर जे. जे. कला शाळेतल्या हातांनी घडवलेली पाने-फुले, पशुपक्षी. पर्यटक जिचे फोटो काढतात ती वास्तू खरे तर रेल्वे कंपनीची कचेरी. फलाट तिच्या बगलेत. आजही तिथे मध्य रेल्वेचे मुख्यालय आहे. 2004 मध्ये ती जागतिक वारसा ठरली. व्हीटी म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस (सीएसएमटी). त्याचे फलाट अठरा. त्यांतले सात लोकलचे.

बंदराशी सर्वांत थेट सोयरीक बॅलार्ड पियरच्या मोल स्थानकाची. विलायतेहून आलेला साहेब बोटीवरून उतरून दोन पावलांवर उभ्या फ्रंटियर मेलमध्ये बसे आणि पेशावरकडे निघे. शहराची धूळही बुटाला लागत नसे! पुढे ते स्थानक गेले. कुलाबा टर्मिनसही 1930 च्या डिसेंबरात बंद झाले. त्याच महिन्यात क्लॉड बॅटली यांच्या आराखड्यानुसार बांधलेले मुंबई सेंट्रल सुरू झाले. कुलाब्याच्या रुळांच्या जागेवर आता बधवार पार्क ही रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत आहे.

पूर्व किनाऱ्याचा खरा इतिहास मात्र हार्बर मार्गावर वाचावा. 1910 मध्ये कुर्ल्याहून गाडी रे रोडपर्यंत आली. पुढचा टप्पा गोदीलगतच्या दाट वस्तीतून, म्हणून रूळ उंचावर चढवावे लागले. 3 फेब्रुवारी 1925 रोजी भारतातली पहिली विजेची गाडी व्हीटीहून कुर्ल्याला गेली ती याच मार्गाने. आजही डॉकयार्ड रोड आणि सँडहर्स्ट रोडच्या फलाटांवरून माणूस शेजारच्या इमारतींच्या वरच्या मजल्यांत डोकावतो. पुढे कॉटन ग्रीन. कापसाचा बाजार मुळात कुलाब्याचा. तो उठून शिवडीकडे आला. 2024 मध्ये विधिमंडळाने या स्थानकाला काळाचौकी हे नाव देण्याचा ठराव केला. कापूस तर आधीच गेला होता.

बंदराचा मोठा पसारा आता खाडीपलीकडे आहे. 1989 मध्ये न्हावा शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि कंटेनर तिकडे वळले. जुन्या गोद्यांच्या जमिनीवर कधी उद्यानांचे, कधी टॉवरांचे आराखडे येतात.

स्थानकांचे भविष्य तूर्त जमिनीखाली चालले आहे. 2025 च्या ऑक्टोबरात भुयारी मेट्रो 3 आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण झाली: 33.5 किलोमीटर, 27 स्थानके. कुलाब्याच्या उंबरठ्यापर्यंत रूळ पंचाण्णव वर्षांनी परतले. बुलेट ट्रेनचे वांद्रे-कुर्ला संकुलातले स्थानकही भुयारीच. 2022 मध्ये केंद्राने नवी दिल्ली, अहमदाबाद आणि सीएसएमटी या तीन स्थानकांच्या पुनर्विकासाला सुमारे दहा हजार कोटी मंजूर केले. सीएसएमटीच्या आराखड्याच्या चित्रांत नवे छत झकास दिसते. पण हातात बॅग आणि काखेत पोर घेऊन लोकलमधून उतरलेली बाई पी. डिमेलो रस्त्याकडच्या मेल-एक्स्प्रेसच्या फलाटांपर्यंत किती सुखाने पोचते, यावर या खर्चाचे माप काढायला हवे.

दुसरे माप न्हावा शेवाचे. जुन्या मुंबईत धक्का आणि रूळ हातात हात घालून वाढले. नव्या बंदराशेजारी उरणपर्यंतची प्रवासी लोकल पोचली ती 12 जानेवारी 2024 रोजी, बंदरानंतर जवळजवळ पस्तीस वर्षांनी. त्या मार्गावर आणखी गाड्या सोडणे हे सीएसएमटीच्या नव्या छताहून निकडीचे काम आहे.