स्थळ आले, पण रंगमंचाचे काय?

परभणी, सेलू, जिंतूर किंवा मानवत येथील एखाद्या घरी मुलीसाठी चांगले स्थळ सांगून येते. घराणे परिचयाचे, व्यवसाय स्थिर, मुलगा सुशील. नेमक्या त्याच सुमारास मुलगी म्हणते, "मला अभिनयाचे शिक्षण घ्यायचे आहे." घरात शांतता पसरते. वडिलांना वाटते, असे स्थळ पुन्हा येणार नाही. मुलीला वाटते, ही वर्षे पुन्हा येणार नाहीत. दोघांचीही भीती खरी असते. म्हणूनच हा प्रश्न रागाने किंवा अबोल्याने सुटत नाही.

मराठी रंगभूमीच्या इतिहासात या प्रश्नाचे एक बोलके उदाहरण आहे. गोव्यातील बांदिवडे येथे 1914 मध्ये जन्मलेल्या दुर्गा केळेकर यांचा विवाह 1932 मध्ये संगीतकार केशवराव भोळे यांच्याशी झाला आणि त्या ज्योत्स्ना भोळे झाल्या. पुढच्याच वर्षी, 1 जुलै 1933 रोजी, 'नाट्यमन्वंतर' या संस्थेचे 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक रंगभूमीवर आले. स्त्रियांच्या भूमिका पुरुषांनी करण्याची प्रथा तेव्हा रूढ होती. अशा काळात कुलीन घरातील ही विवाहिता त्या नाटकात बिंबाच्या भूमिकेत उभी राहिली. नाटकाचे संगीत केशवरावांचेच होते. विवाहाने येथे दार बंद केले नाही, उघडून दिले.

पुढे 1942 मध्ये मो. ग. रांगणेकर यांच्या 'कुलवधू' नाटकात ज्योत्स्नाबाईंनी भानुमती साकारली. चित्रपटात नाव मिळवणारी पत्नी आणि तिच्या यशाने अस्वस्थ होणारा पती, हाच त्या नाटकाचा विषय. रंगमंचावर जो संघर्ष त्या जिवंत करीत होत्या, त्याचे उत्तर त्यांच्या स्वतःच्या संसाराने आधीच दिले होते.

अलीकडच्या काळात माधुरी दीक्षित यांनी यशाच्या शिखरावर असताना 1999 मध्ये विवाह केला, त्या अमेरिकेत स्थायिक झाल्या आणि 2011 मध्ये कुटुंबासह भारतात परतून पुन्हा काम करू लागल्या. मात्र ज्याचे नाव आधीच झाले आहे, त्याला परतीची वाट सापडते. ज्याने अजून सुरुवातही केलेली नाही, त्याच्यासाठी 'लग्नानंतर पाहू' हे आश्वासन बहुधा रिकामेच ठरते. 'पाहू' या शब्दाला मुदत नसते आणि मुदत नसलेल्या वचनाची वसुली होत नाही.

म्हणून बोलणी पुढे जाण्यापूर्वीच विषय उघडपणे मांडावा. मुलाकडील मंडळींना स्पष्ट विचारावे : शिक्षणासाठी दुसऱ्या शहरी राहणे चालेल काय? रात्रीचे प्रयोग, दौरे, चित्रीकरणाचे लांबलेले दिवस मान्य आहेत काय? हे प्रश्न मध्यस्थाकरवी न विचारता मुलगा व मुलगी यांनी समोरासमोर बोलावेत. नकार आलाच तर तो साखरपुड्यापूर्वीचा नकार असतो. त्यात कोणाचीच मानहानी नाही.

मुलीनेही स्वतःचा हिशेब मांडला पाहिजे. हौस आणि व्यवसाय यांत अंतर आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा अभ्यासक्रम 3 वर्षांचा असून तेथे प्रवेशासाठी पदवीबरोबर नाटकांतील प्रत्यक्ष कामाचा अनुभव मागितला जातो. छत्रपती संभाजीनगर येथील विद्यापीठातही नाट्यशास्त्र विभाग आहे. राज्य नाट्य स्पर्धेत काम करून आपली कुवत अजमावता येते. देवगिरी एक्स्प्रेस एका रात्रीत मुंबईला पोहोचवते, पण तेथे नियमित काम मिळायला वर्षे लागू शकतात आणि मिळकत अनिश्चित असते. तेव्हा किमान वर्षभराच्या खर्चाची तरतूद, निवासाची सुरक्षित सोय आणि जोडीला उपजीविकेचे एखादे साधन हवे. किती वर्षे प्रयत्न करायचा, हेही आधीच ठरवलेले बरे. असा आराखडा हाती असलेल्या मुलीचे म्हणणे घरचेही गांभीर्याने ऐकतात.

एवढे झाल्यावर अखेरचा निर्णय मुलीचाच असावा. तिने स्थळ स्वीकारले तर ते मनापासून, आणि नाकारले तर पूर्ण विचारांती. मन मारून दिलेला होकार पुढे दोन घरांना जड जातो. येणाऱ्या प्रत्येक स्थळात केशवराव भोळे नसतात हे खरे. पण समोरचा माणूस तसा आहे काय, हे विचारल्याशिवाय कसे कळणार?