२००३ एनसीएए डिव्हिजन थ्री फुटबॉल हंगाम

२००३ एनसीएए डिव्हिजन थ्री फुटबॉल हंगाम हा अमेरिकेतील लहान महाविद्यालयांच्या अमेरिकन फुटबॉल स्पर्धेचा हंगाम होता. मिनेसोटा राज्यातील कॉलेजव्हिल येथील सेंट जॉन्स विद्यापीठाच्या संघाने ओहायोतील माउंट युनियन महाविद्यालयाचा अंतिम सामन्यात २४-६ असा पराभव करून विजेतेपद मिळवले. याच हंगामात सेंट जॉन्सचे प्रशिक्षक जॉन गॅग्लिआर्डी हे महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये सर्वाधिक विजय मिळवणारे प्रशिक्षक ठरले.

स्वरूप

भारतात ज्याला फुटबॉल म्हणतात, त्याच्याशी या खेळाचे साम्य फारसे नाही. लंबगोल चेंडू हातात घेऊन धावत किंवा पुढे फेकत प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीच्या टोकापलीकडे न्यायचा असतो आणि बचाव करणारे खेळाडू अंगावर झेपावून चेंडूधारकाला खाली पाडतात. मोठ्या विद्यापीठांत या खेळाला प्रचंड व्यवसायाचे रूप आले आहे. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या तिसऱ्या विभागात मात्र केवळ खेळातील नैपुण्यासाठी शिष्यवृत्ती देण्यास मनाई आहे.

आणखी एक फरक उल्लेखनीय आहे. त्या काळी सर्वोच्च विभागात अंतिम लढतीचे दोन संघ मतदान व संगणकीय क्रमवारीने निवडले जात; तिसऱ्या विभागाचा विजेता मात्र बाद फेरीतून, मैदानावरच ठरत असे. २००३ मध्ये बाद फेरीत २८ संघ होते. त्यांपैकी चार संघांना पहिल्या फेरीत पुढे चाल मिळाली.

गॅग्लिआर्डी यांची पद्धत

१९४३ मध्ये शाळेच्या संघाचे प्रशिक्षक सैन्यात गेल्यावर १६ वर्षांच्या गॅग्लिआर्डींनी, स्वतः खेळाडू असतानाच, संघाची सूत्रे हाती घेतली. कठोर सरावाने मुले खचतात, असे त्यांचे मत तेव्हाच झाले होते. १९५३ पासून ते सेंट जॉन्समध्ये होते. त्यांच्या सरावात शिट्टी नसे आणि एकमेकांना खाली पाडणे वर्ज्य होते. खेळाडूंनी त्यांना ‘कोच’ न म्हणता ‘जॉन’ म्हणावे, असा त्यांचा आग्रह असे. शिस्त व शारीरिक आघात यांना एकच मानणाऱ्या या क्रीडाजगतात ही पद्धत विक्षिप्त समजली जाई. तिच्यावर आक्षेप घेणाऱ्यांना उत्तर मिळाले ते सामन्यांच्या निकालांतूनच.

विक्रमी विजय

ग्रॅम्ब्लिंग स्टेट विद्यापीठाचे प्रशिक्षक एडी रॉबिन्सन यांच्या नावावर ४०८ विजयांचा विक्रम होता. ८ नोव्हेंबर २००३ रोजी कॉलेजव्हिल येथे सेंट जॉन्सने बेथेल संघाला २९-२६ असे हरवले आणि गॅग्लिआर्डी यांचा ४०९वा विजय नोंदला गेला. सामन्याला १३ हजारांहून अधिक प्रेक्षक होते. आठवडाभरापूर्वीच गॅग्लिआर्डी यांनी वयाची ७७ वर्षे पूर्ण केली होती.

बाद फेरी व अंतिम सामना

उपांत्यपूर्व सामन्यात लिनफिल्ड संघाने सेंट जॉन्सला चांगलेच झुंजवले. निकाल ३१-२५ असा लागला. उपांत्य सामना तुलनेने सोपा गेला.

प्रशिक्षक लॅरी केरेस यांचा माउंट युनियन संघ डिसेंबर १९९९ नंतर एकही सामना हरला नव्हता. सलग ५५ विजय आणि सलग तीन विजेतेपदे त्याच्या नावावर होती. त्यांपैकी २००० चे विजेतेपद त्याने सेंट जॉन्सलाच १०-७ असे हरवून मिळवले होते. त्यामुळे २० डिसेंबर २००३ रोजी व्हर्जिनियातील सेलम येथे झालेल्या अंतिम सामन्यात, म्हणजेच ‘स्टॅग बोल’मध्ये, बहुतेकांचा कौल माउंट युनियनकडे होता. प्रत्यक्षात सेंट जॉन्सच्या बचावाने या संघाला सहा गुणांवरच रोखले. अखेरच्या टप्प्यात माउंट युनियन गुणरेषेच्या अगदी जवळ पोहोचला असता सेंट जॉन्सच्या एका बचावपटूने चेंडू मध्येच झेलला आणि १०० यार्ड, म्हणजे मैदानाची संपूर्ण लांबी धावून टचडाउन केले. त्यानंतर निकालाविषयी शंका उरली नाही.

पुढील घडामोडी

सेंट जॉन्सने १४ पैकी १४ सामने जिंकून हंगाम संपवला. १९६३, १९६५ व १९७६ नंतरचे हे त्यांचे चौथे राष्ट्रीय विजेतेपद होते. संघाचा खेळाडू ब्लेक एलियट याला तिसऱ्या विभागातील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा पुरस्कार मिळाला. या पुरस्काराला त्याच्याच प्रशिक्षकाचे, गॅग्लिआर्डी यांचे, नाव आहे. गॅग्लिआर्डी २०१२ च्या हंगामानंतर ४८९ विजयांसह निवृत्त झाले. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले.