बोटांतले कसब आणि हातातला दाखला

एप्रिल उजाडला की गुलमंडीपासून भडकल गेटपर्यंत जयंतीचे फलक झळकतात. अशाच एका फलकापाशी आम्ही थांबलो. अक्षरे सुबक, जोडाक्षरे शुद्ध, बाबासाहेबांचा चेहरा कुठेही ओढाताण न झालेला. चौकशी केली. आमच्याच वस्तीतल्या बारावी झालेल्या पोराने तो रात्र जागून मोबाईलवर केला होता. पैसे किती मिळाले? "वकीलसाहेब, दुकानदाराने चहा पाजला." मंडळाने मात्र दुकानदाराला पूर्ण रक्कम मोजली होती!

पोरगा दिवसभर मोबाईलमध्ये डोके घालून बसतो, अशी तक्रार घेऊन आईबाप आमच्याकडे येतात. नुसते पाहत बसणे हे कसब नव्हे, हे आम्हालाही मान्य आहे. पण जो पोरगा मिरवणुकीची चित्रफीत कापून जोडतो, मंडळाचा हिशेब तक्त्यात मांडतो, मराठी मजकूर बिनचूक टाइप करतो, त्याला रिकामटेकडा कोणत्या तोंडाने म्हणायचे? त्याच्याकडे काम आहे. कामाचा दाखला आणि दाम तेवढे नाहीत.

आधी दाखल्याचे पाहू. राज्य शासनाच्या लिपिक-टंकलेखक पदाला मराठी टंकलेखन मिनिटाला 30 शब्द किंवा इंग्रजी 40 शब्द या वेगाचे प्रमाणपत्र लागते. मोबाईलवर अंगठ्याने कितीही भराभर लिहिले तरी तिथे ते चालत नाही. लेखी परीक्षेची तयारी वर्षानुवर्षे करायची आणि या एका कागदापायी मागे राहायचे, हे आपल्या पोरापोरींना परवडणारे नाही. महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन 2001 साली स्थापन झाले. त्याचा एमएस-सीआयटी घराघरात पोहोचला, पण ती पहिली पायरी आहे. तिथेच बसून राहू नका. कळफलकावर दहा बोटे बसवा, युनिकोड शिका. 1981 पासून या शहरात उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे. शुद्ध मराठी-इंग्रजी टाइप करणारा माणूस वकिलांना रोज लागतो, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

आता दामाचे. केलेले प्रत्येक काम तारखेसह जपून ठेवा, मागितले की दाखवता आले पाहिजे. काम घेताना दर लिहून घ्या, मोबाईलवरचा साधा संदेशही पुढे पुरावा म्हणून कामी येतो. पगारी नोकरीत नसताना स्वतः केलेल्या मूळ रचनेचा पहिला हक्क, 1957 च्या कॉपीराइट कायद्याने, सर्वसाधारणपणे करणाऱ्याचाच असतो. हक्क माहीत नसला की चहावर बोळवण होते.

बाबासाहेबांनी 1920 साली 'मूकनायक' काढला, 1927 साली 'बहिष्कृत भारत'. पुढे चळवळीचा स्वतःचा छापखानाही उभा केला. आपले शब्द छापण्यासाठी दुसऱ्याच्या दारात उभे राहायचे नाही, हा त्यामागचा विचार होता. आज तो छापखाना पोरांच्या खिशात आहे, आणि तरीही कमाई दुसऱ्याच्या गल्ल्यात जाते आहे.

म्हणून मंडळांना आमचे सांगणे आहे. डीजेच्या खर्चातून दोन संगणक घ्या, विहारात ठेवा. संध्याकाळी मुलामुलींना टंकलेखन शिकवा. आणि पुढच्या जयंतीचा फलक आपल्याच पोराकडून करून घ्या, पण त्याच्या हातावर रोख पैसे ठेवून. फुकट राबण्याची प्रथा आपल्या बापजाद्यांनी मोडली. ती आपल्याच मंडळांनी पुन्हा सुरू करू नये!