डोळ्यातली सूज : स्वस्त गोळी म्हणजे हलकी गोळी नव्हे



उत्रोलीच्या वस्तीत घरोघर फिरताना आम्हाला आयाबाया विचारतात, "ताई, मोठ्या दवाखान्यात आपल्याला स्वस्तातली गोळी देतात. पैसेवाल्यांना वेगळी देत असतील ना?" हा संशय उगाच आलेला नाही. हलकं तेच आपल्या वाट्याला, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिलं आहे. पण डोळ्याच्या एका आजारात या प्रश्नाचं उत्तर नीट तपासून मिळालं आहे. ते प्रत्येक घराला माहीत हवं.

आजाराचं नाव युव्हिआयटिस, म्हणजे डोळ्याच्या आतली सूज. काही जणांत शरीराची रोगप्रतिकारशक्ती आपल्याच डोळ्यावर उलटते. डोळा लाल होतो, ठणकतो, उजेड सहन होत नाही, नजरेपुढे काळे ठिपके तरंगतात. कधी लाली नसते, नुसतं धूसर दिसतं. "डोळे आलेत" म्हणून दुकानातले थेंब घालत बसू नका, उतारा-ताईत तर नकोच. ऐन कमावत्या वयात नजर जाऊ शकते.

सुरुवातीला बहुधा स्टेरॉइड देतात. त्याने सूज लवकर उतरते. पण महिनोन्‌महिने घेतलं तर साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू आणि काचबिंदूही होऊ शकतो. म्हणून स्टेरॉइड कमी करता यावं यासाठी प्रतिकारशक्तीला आवर घालणारं औषध जोडतात. त्यातली दोन नेहमीची : मेथोट्रेक्सेट आणि मायकोफेनोलेट. पहिलं स्वस्त, दुसरं बरंच महाग.

यातलं चांगलं कोणतं? तामिळनाडूतल्या अरविंद नेत्र रुग्णालयांत 80 रुग्णांवर दोन्हींची तुलना झाली. तिचे निष्कर्ष 2014 साली आले. मग भारतासह पाच देशांत 216 रुग्णांवर मोठी चाचणी झाली, ती 2019 मध्ये प्रसिद्ध झाली. कोणाला कोणतं औषध द्यायचं हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. सहा महिन्यांनी मेथोट्रेक्सेटवर शंभरातल्या सुमारे 67 जणांची सूज कमी स्टेरॉइडवर आटोक्यात होती, मायकोफेनोलेटवर 57 जणांची. एवढ्या फरकावरून एक औषध सरस म्हणता येत नाही. पण महागडं औषध वरचढ ठरलं नाही, हे नक्की. डोळ्याच्या मागच्या भागात सूज असलेल्यांत तर मेथोट्रेक्सेटचा गुण जास्त दिसला.

त्या चाचणीत मायकोफेनोलेट दिवसाला 3 ग्रॅम होतं. 500 मिलिग्रॅमच्या गोळ्या धरल्या तर रोज 6, आठवड्याला 42. मेथोट्रेक्सेट मात्र आठवड्यातून एकदाच. एक औषध लागू पडलं नाही किंवा सोसलं नाही, तर डॉक्टर दुसरं देतात. तेव्हा दागिने गहाण टाकण्याआधी डॉक्टरांना विचारा, "स्वस्त औषध माझ्या डोळ्याला चालेल का?"

मात्र स्वस्त म्हणजे निर्धोक नव्हे. म्हणून एवढं पाळा :

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. वार कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला लावा. सोबतची फॉलिक अ‍ॅसिडची गोळी सांगितलेल्या दिवशी घ्या.

उपचाराआधी टीबीची तपासणी झालीच पाहिजे. टीबीनेही डोळ्यात सूज येते, आणि ही औषधं दबलेला टीबी उसळवू शकतात. घरात कोणाला टीबी झाला असेल तर लपवू नका.

रक्ताची तपासणी चुकवू नका. यकृत आणि पांढऱ्या पेशींवर लक्ष ठेवावं लागतं. ताप, तोंडात फोड, धाप किंवा डोळे पिवळे दिसले तर लगेच दाखवा. दारू बंद.

दोन्ही औषधं पोटातल्या बाळाला घातक आहेत. मूल हवं असेल किंवा पाळी चुकली असेल तर लाज न धरता आधी सांगा.

ही औषधं लागू पडायला काही आठवडे, कधी महिने लागतात. गुण नाही म्हणून किंवा बरं वाटलं म्हणून मनाने बंद करू नका. स्टेरॉइड तर एकदम मुळीच तोडू नका.

डोळा दुखून लाल झाला किंवा नजर धूसर झाली तर एक-दोन दिवसांत भोरला सरकारी दवाखाना गाठा. तिथून पुढे पाठवलं तर पुण्याला ससूनच्या नेत्रविभागात दाखवता येतं. जुने कागद, सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि रेशनकार्ड सोबत न्या.

रविवारी विहारात वंदनेनंतर हे पान मोठ्याने वाचून दाखवा. ज्यांना अक्षर दिसत नाही, त्यांच्यापर्यंत ते आधी पोचलं पाहिजे.