सही राहून गेली, मग नोटीस किती?

हिंजवडीपासून अंधेरीपर्यंत कोणत्याही ऑफिसात हे दोन प्रसंग सर्रास घडतात. पहिल्यात ऑफर लेटर ई-मेलवर येतं, माणूस रुजू होतो, पगार सुरू होतो. तपशीलवार करारनामा मात्र ‘नंतर सही करू’ म्हणता म्हणता एचआरच्या फाइलमध्ये तसाच पडून राहतो. दुसऱ्यात अकरा महिन्यांचा करार संपतो, नवा कागद कुणी करत नाही आणि माणूस त्याच खुर्चीवर तेच काम करत राहतो. पुढे कधीतरी तो नोकरी सोडायला निघतो, किंवा मालकच ‘उद्यापासून येऊ नका’ असं सांगतो. तेव्हा प्रश्न येतो, नोटीस किती दिवसांची?

यावर दोन ठाम उत्तरं ऐकू येतात. कर्मचारी म्हणतो, सहीच केली नाही तर नोटीस कसली? कंपनी म्हणते, आमच्या नियमात तीन महिने आहेत, ते भरावेच लागतील. कायद्यापुढे ही दोन्ही उत्तरं अपुरी पडतात.

भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. नोकरीचा करार लेखी आणि सहीचाच हवा, अशी सक्ती त्यात नाही. समोर ठेवलेल्या प्रस्तावातल्या अटींप्रमाणे वागणं हीच त्या प्रस्तावाची स्वीकृती, असं त्याचं कलम ८ सांगतं. शब्दांत न मांडलेली वचनंही असू शकतात, हे कलम ९ मान्य करतं. त्यामुळे ऑफर लेटरमध्ये ‘दोन महिन्यांची नोटीस’ असं स्पष्ट लिहिलेलं असेल आणि ते वाचून माणूस रुजू झाला असेल, तर सही राहिली एवढ्यावर ती अट गळून पडत नाही. उलट बाजूही तितकीच खरी आहे. जो मसुदा कर्मचाऱ्याला कधी दाखवलाच नाही, त्यातल्या तीन महिन्यांच्या अटीला त्याने होकार दिला होता, असं कंपनीला सहज म्हणता येत नाही.

वागण्यातून होकार कसा ठरतो, याचं एक बोलकं उदाहरण लंडनमध्ये घडलं. तिथल्या सायन्स म्युझियमच्या एका कर्मचारी महिलेला जुन्या करारानुसार सहा महिन्यांची नोटीस मिळणार होती. २००३ मध्ये व्यवस्थापनाने नवा करार पुढे केला. त्यात ही मुदत बारा आठवड्यांवर आली होती. तिने त्यावर सही केली नाही, पण त्यानंतर नऊ वर्षं ती नव्या व्यवस्थेत काम करत राहिली. नोकरी गेल्यावर वाद उभा राहिला. २०१४ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने तिच्या वागण्यातून नवा करार स्वीकारल्याचं दिसतं असं मानलं आणि नोटीस बारा आठवड्यांचीच ठरली. मात्र जी अट बदलल्याचा परिणाम लगेच जाणवत नाही, तिच्याबाबत नुसत्या गप्प राहण्याला होकार समजताना सावध राहावं, असं इंग्लंडमधल्याच जुन्या निकालांत म्हटलेलं आहे. नोटिशीची अट नेमकी अशीच असते. ती नोकरी संपतानाच जागी होते. म्हणून नवी अट मान्य नसेल, तर तसं तेव्हाच लेखी कळवणं महत्त्वाचं.

मुदत संपलेल्या कराराचं गणित थोडं वेगळं आहे. ठरावीक मुदतीचा करार त्याच्या शेवटच्या तारखेला आपोआप संपतो. त्या दिवशी वेगळी नोटीस लागत नाही. पण दुसऱ्या दिवशी माणूस कामावर आला, मालकाने त्याला काम दिलं आणि महिनाअखेर पगारही दिला, तर दोघांच्या वागण्यातून नोकरी पुढे चालू झाली. अशा वेळी पगार, सुट्ट्या, नोटीस या जुन्या अटी जिथवर जुळतात तिथवर लागू राहिल्या, असं साधारणपणे मानलं जातं. जुन्या कागदातही नोटिशीचा उल्लेख नसेल, तर ‘वाजवी’ मुदतीची नोटीस अपेक्षित असते. पद काय, पगार महिन्याचा की आठवड्याचा, त्या धंद्यातली रीत काय, यावरून ती ठरते.

कराराच्या खाली कायद्याची एक पायरी असते आणि कामगारांना तिचाच खरा आधार असतो. औद्योगिक विवाद कायदा, १९४७ मध्ये असलेली ही तरतूद आता औद्योगिक संबंध संहितेत आली आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. वर्षभर सलग सेवा झालेल्या कामगाराची कपात करायची, तर एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो. शिवाय प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई असते. बारा महिन्यांत २४० दिवस काम झालं, की सलग वर्ष भरलं असं धरतात. कागदावर सही आहे की नाही, याने या हक्काला बाध येत नाही. अर्थात व्यवस्थापकीय पदावरचे लोक आणि महिना १८,००० रुपयांहून अधिक वेतन घेणारे पर्यवेक्षक ‘कामगार’ या व्याख्येत बसत नाहीत. त्यांची भिस्त करारावरच राहते.

इथे एक मोठी पळवाट आहे. ठरावीक मुदतीचा करार संपला आणि त्याचं नूतनीकरण झालं नाही, तर ती कपात धरली जात नाही. ही दुरुस्ती १९८४ मध्ये आली. अकरा महिने काम, मग एक-दोन दिवसांचा ‘ब्रेक’, मग पुन्हा अकरा महिने, हा प्रकार महाराष्ट्रात अनेकांनी वर्षानुवर्षं सोसला आहे. पण कायम कामगाराचे हक्क नाकारण्याच्या हेतूने लोकांना वर्षानुवर्षं तात्पुरतं ठेवणं, ही राज्याच्या १९७१ च्या कायद्याने अनुचित कामगार प्रथा ठरवली. त्या कायद्याच्या आधारे अनेक कामगार न्यायालयाच्या पायऱ्या चढले.

खासगी शाळांतल्या शिक्षकांसाठी तर महाराष्ट्रात १९७७ चा स्वतंत्र कायदा आहे. कायम जागेवर रीतसर निवड झालेल्या शिक्षकाचा परिवीक्षाकाळ संपला आणि संस्थेने त्याला कमी केलं नाही, तर तो कायम झाला असं समजलं जातं. संस्थेचं मौन इथे शिक्षकाच्या बाजूने उभं राहतं. राजीनाम्याची रीतही ठरलेली आहे: दोन प्रतींवर तारीख आणि सही, आणि एक प्रत नोंदणीकृत टपालाने संस्थेकडे. कायम शिक्षकाला तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, इतरांना एका महिन्याची.

आता सगळ्यांना सतावणारा प्रश्न. नोटीस भरली नाही, तर कंपनी काय करू शकते? कुणालाही मनाविरुद्ध खुर्चीवर बसवून काम करून घेण्याचा हुकूम न्यायालयं सहसा देत नाहीत. भांडण बहुतेक वेळा पैशांवर येतं. २०२३ मध्ये अकासा एअरचे ४३ वैमानिक नोटीस न भरता गेल्याचं कंपनीने न्यायालयात सांगितलं. काहींविरुद्ध तिने मुंबई उच्च न्यायालयात भरपाईचे दावे लावले आणि ते मुंबईत चालू शकतात, असं न्यायालयाने त्याच सप्टेंबरमध्ये म्हटलं. पण करारात लिहिलेली रक्कम म्हणजे हमखास मिळणारी रक्कम नव्हे. करार कायद्याचं कलम ७४ त्या रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाई देतं. विजया बँकेच्या एका अधिकाऱ्याने तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यावर भरलेले दोन लाख रुपये सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये योग्य ठरवले. तिथे बॉण्डवर सही होती आणि सरकारी बँकेला नव्या भरतीचा खर्च होता. जिथे सहीच नाही, तिथे अशी अट मान्य होती हे सिद्ध करण्याचा भार वसुली मागणाऱ्यावर येतो.

नव्या संहितांनी आणखी दोन गोष्टी पक्क्या केल्या आहेत. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत प्रत्येक कर्मचाऱ्याला नेमणूकपत्र देणं बंधनकारक आहे. आणि राजीनामा असो वा कपात, थकलेलं वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकतं करायचं आहे. ‘फुल अँड फायनल’साठी दीड-दोन महिने थांबवून ठेवण्याची सवय या नियमात बसत नाही. नोटिशीपोटी कापलेल्या रकमेवर जीएसटी लागत नाही, हेही केंद्राने ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे. हिशेबाच्या कागदावर तो लावलेला दिसला, तर हरकत घ्यावी.

ज्यांचा करार संपलेला किंवा बिनसहीचा आहे, त्यांनी राजीनाम्याआधी ऑफर लेटर, त्यानंतरचे मेल, पगाराच्या स्लिपा आणि हजेरीच्या नोंदी कंपनीच्या लॅपटॉपबाहेर जपून ठेवाव्यात. मग शेवटचा दिवस नमूद करून राजीनामा मेलने पाठवावा आणि त्यात कोणत्या कागदानुसार किती नोटीस देत आहोत, हे लिहावं. कंपनीला ती मुदत मान्य नसेल, तर कोणत्या अटीच्या आधारे, हे तिच्याकडून लेखी मागावं. तोंडी काढून टाकलेल्या कामगारानेही गप्प घरी न बसता त्याच दिवशी मेल करून कामावर येण्याची तयारी कळवावी आणि दाद न मिळाल्यास जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज द्यावा.