साठचे पंच्याहत्तर

लॅपटॉपवर एखादे छायाचित्र लावून पाहा. समजा, ते गुलाबाच्या फुलाचे आहे. फूल आपल्याला अगदी स्थिर दिसते. पण पडदा मात्र स्वस्थ बसलेला नसतो. तो तेच फूल पुन्हा पुन्हा काढत असतो. बहुतेक साध्या लॅपटॉपचा पडदा एका सेकंदात ६० वेळा संपूर्ण चित्र नव्याने काढतो. या गतीला रिफ्रेश रेट म्हणतात. ती हर्ट्झ या एककात मोजतात. हाइनरिख हर्ट्झ (१८५७–१८९४) या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावावरून हे एकक आले आहे.

सिनेमाच्या फितीवर एका सेकंदासाठी २४ चित्रे असतात आणि तेवढ्यावर आपले डोळे फसतात. मग ६० पुरे नाहीत का? पत्र लिहायला, चित्रपट पाहायला पुरे आहेत. पण संगणकावर मोटारींच्या शर्यतीचा खेळ खेळणाऱ्याला ते कमी वाटतात. चित्रे जितकी जास्त, तितकी मोटार सफाईने पळताना दिसते. म्हणून १२० किंवा १४४ हर्ट्झच्या पडद्याचे लॅपटॉपही बाजारात मिळतात. ज्यांच्याकडे ते नाहीत, त्यांच्यापैकी काही जण आपल्या ६० हर्ट्झच्या पडद्यालाच ७५ किंवा ९० वेळा चित्र काढायला लावतात. कारखान्याने ठरवून दिलेल्या गतीपेक्षा यंत्र अधिक वेगाने चालवण्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. यासाठी पैसा लागत नाही, पेचकस लागत नाही. फक्त एक आकडा बदलायचा असतो. त्यामुळे यात काही धोका असेल, असे कोणाला वाटत नाही.

तो धोका समजण्यासाठी पडद्याच्या आत डोकावू या. नेहमीच्या पडद्यावर एका आडव्या ओळीत १,९२० ठिपके असतात आणि अशा १,०८० ओळी असतात. म्हणजे एकूण २०,७३,६०० ठिपके झाले. प्रत्येक ठिपक्यात तांबडा, हिरवा आणि निळा असे तीन कप्पे असतात. कप्प्यांत द्रव स्फटिक नावाचा पदार्थ असतो. १८८८ साली फ्रीडरिख राइनित्सर या वनस्पतिशास्त्रज्ञाने अशा पदार्थाचे चमत्कारिक वागणे प्रथम टिपले. विजेचा दाब बदलला, की हा पदार्थ कमी किंवा जास्त प्रकाश बाहेर जाऊ देतो. प्रत्येक कप्प्याला एक बारीकसे दार असते. हे दार म्हणजे ट्रान्झिस्टर. दार उघडले की कप्प्यात वीज भरते. दार मिटले की ती पुढच्या फेरीपर्यंत आत राहते.

मळ्यात पाटाचे पाणी वाफ्यांना कसे देतात, ते तुम्ही पाहिले असेल. एका वाफ्याचे तोंड उघडतात. तो भरला की बंद करतात आणि पुढच्याचे उघडतात. पडद्यावरही एका वेळी एकच ओळ भरली जाते. १,०८० ओळी आणि दोन फेऱ्यांमधली थोडी उसंत मिळून, प्रचलित मापानुसार ११२५ ओळींचा वेळ धरतात. ६० हर्ट्झला एका ओळीच्या वाट्याला सुमारे १४.८ मायक्रोसेकंद येतात. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. ७५ हर्ट्झला ११.९ मायक्रोसेकंद उरतात आणि ९० हर्ट्झला ९.९. पाट तोच, वाफाही तोच, पण वेळ एक तृतीयांशाने घटला. मग वाफे अर्धवट राहू लागतात.

अर्धवट भरलेल्या कप्प्यांमुळे रंग फिके किंवा विचित्र दिसतात. पडद्यावर रेघा उमटतात, चित्र लुकलुकते. आणखी एक गोष्ट घडू शकते. द्रव स्फटिकाला एकाच दिशेचा विजेचा दाब फार वेळ सोसत नाही. म्हणून दर फेरीला ही दिशा उलटवतात. दोन्ही बाजूंचा हिशेब सारखा राहावा लागतो. भरणी अपुरी झाली, की हा हिशेब चुकतो आणि जुन्या चित्राची पुसट छाया नव्या चित्रामागे रेंगाळते.

अर्थात पडदा लगेच जळून जातो, असे कोणी सांगितले तर ते खरे मानू नका. बहुतेक वेळा मूळ आकडा परत दिला की तो पूर्ववत होतो. काचेच्या जाड नळीचे जुने मॉनिटर याबाबतीत अधिक नाजूक होते. न झेपणारी गती दिली, तर त्यांच्यातील विद्युतमंडल खरोखर निकामी होऊ शकत असे. १९९० च्या दशकात काही संगणकप्रणालींच्या माहितीपुस्तिकांत तशी ताकीद छापलेली असे.

आजच्या लॅपटॉपची अडचण वेगळी आहे. आपल्याला कोणती गती झेपते, हे पडदा स्वतःच संगणकाला कळवत असतो. या ओळखपत्राचा नमुना १९९४ साली ठरला. ओव्हरक्लॉकिंग करणारा हे ओळखपत्र बाजूला सारून दुसरे पुढे करतो. पडद्याला ते मानवले नाही, तर तो काळा पडतो. विंडोजमध्ये साधा बदल केला, तर १५ सेकंदांत होकार न मिळाल्यास जुना आकडा परत येतो. पण काही प्रोग्रॅम नवा आकडा कायमचा लिहून ठेवतात आणि संगणक पुन्हा सुरू केल्यावर तो लागू होतो. तिथे ही सोय कामाला येत नाही. आकडा दुरुस्त करायचा, तर पडदा दिसायला हवा आणि पडदा तर काळा!

समजा, घरात एकच लॅपटॉप आहे. तहमीना आपा उद्या त्यावर अकरावीच्या प्रवेशाचा अर्ज भरणार आहे आणि उद्याच शेवटची तारीख आहे. भाईजानने आज रात्री खेळासाठी ७५ चा आकडा घातला. टेबलावरच्या संगणकाला दुसरा मॉनिटर सहज जोडता येतो. लॅपटॉपचा पडदा मात्र झाकणातच बसवलेला असतो. शेजाऱ्यांचा टीव्ही किंवा मॉनिटर तारेने जोडून, नाहीतर लॅपटॉप सेफ मोडमध्ये सुरू करून जुना आकडा परत आणता येतो. पण हे ठाऊक असलेला माणूस रात्री अकरा वाजता कोठे शोधायचा?

एवढे करून मिळते काय? ६० हर्ट्झला एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकते, ७५ ला १३.३. फायदा साडेतीन मिलिसेकंदांचाही नाही. पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो! शिवाय संगणक खेळाची चित्रे सेकंदाला ४०च तयार करत असेल, तर पडदा पळवून फारसे काही हाती लागत नाही. बॅटरी मात्र लवकर उतरते.

कधी कधी तर गती वाढलेलीच नसते. पडदा ७५ चा आकडा मान्य करतो, पण मधली काही चित्रे गुपचूप गाळतो. हे तपासता येते. पडद्यावर चौकटींची जाळी काढून दर चित्राला एकेक चौकट क्रमाने उजळवतात. मग कॅमेऱ्याची झडप सेकंदाच्या दहाव्या भागाइतकी उघडी ठेवून फोटो घेतात. उजळलेल्या चौकटी सलग दिसल्या, तर सर्व चित्रे उमटली. मध्येच एखादी चौकट काळी राहिली, तर ते चित्र पडद्यावर आलेच नाही.