भुरीबाईंच्या चित्रातलं जंगल आलं कुठून? जाणून घ्या ठिपक्यांमागची गोष्ट

भोपाळच्या जनजातीय संग्रहालयात एक लांबलचक भिंत आहे. बालपणीच्या जंगलापासून बांधकामावरच्या मजुरीपर्यंत आणि तिथून विमानप्रवासापर्यंत एका बाईचं अख्खं आयुष्य त्या भिंतीवर रंगवलेलं आहे. ही भिंत रंगवणाऱ्या भुरीबाईंना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. समोर ना झाड, ना फोटो. मग हे सगळं आलं कुठून?

कोण आहेत भुरीबाई?

मध्य प्रदेशातल्या झाबुआ जिल्ह्यातलं पिटोल हे त्यांचं गाव. समाज भील, म्हणजे आपल्या नंदुरबार-धुळ्यातही मोठ्या संख्येनं राहणारा. पोटासाठी त्या भोपाळला आल्या आणि भारत भवनच्या बांधकामावर मजुरी करू लागल्या. रोज होता ६ रुपये. १९८२ मध्ये सुरू झालेल्या या कलाकेंद्राच्या कला विभागाची जबाबदारी चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांच्याकडे होती. तुमच्या घरी भिंतीवर काय काढता, ते कागदावर काढून दाखवा, असं त्यांनी सांगितलं. भुरीबाईंना पहिली काळजी पडली ती दिवसाच्या मजुरीची. हिंदीही तेव्हा त्यांना येत नव्हती.

कागद आल्यावर काय बदललं?

गावाकडे रंग घरीच व्हायचे. गेरू, पांढरी माती, पानांचा रस, तव्याची काजळी. इथे पोस्टर कलर आणि ब्रश हातात आला, आणि निळा-गुलाबीही मिळाला. पण खरा बदल विषयाचा आहे. भिलांमध्ये पिथोरा देवाचे घोडे भिंतीवर रंगवणं हे विधीचं काम. ते पुरुषांनीच करायचं, असा रिवाज. म्हणजे सर्वांत मानाचं चित्र बाईच्या वाट्याला नव्हतंच. भुरीबाईंनी मग जे आपलं होतं ते काढलं: झाडं, मोर, जनावरं, जत्रा, कणगी, झोपडी. पुढे बस आणि विमानही त्याच पंगतीत येऊन बसलं. याला सरसकट ‘पारंपरिक कला’ म्हणून मोकळं होणं त्यांच्यावर अन्याय करणारं आहे. परंपरेनं हात दिला, आठवणी मात्र त्यांच्या एकट्याच्या आहेत.

ठिपके कशासाठी?

आधी आकार सपाट रंगानं भरायचा, तो वाळला की त्यावर ठिपक्यांच्या रांगा. हे ठिपके म्हणजे मक्याचे दाणे, असं सांगितलं जातं. प्रत्येक भील चित्रकाराची ठिपके देण्याची पद्धत वेगळी असते, त्यामुळे जाणकार सही न पाहताही चित्र कुणाचं ते ओळखतात. फोनवर चित्र पाहत असाल, तर मोराच्या पोटावर झूम करा. लांबून एकसंध वाटणारा रंग जवळून शेकडो ठिपक्यांत सुटा होतो.

गावाकडची मातीची भिंत सणासुदीला पुन्हा सारवली जाते आणि जुनं चित्र त्याखाली जातं. ते परत काढायचं, तेही आठवूनच. भोपाळची भिंत कुणी सारवत नाही.